एका घरात 'काळीज' चार तऱ्हांनी : बकआ छावणीत शिकलेली अरबी

रानअबोली

जॉर्डनमधल्या बकआ छावणीतली, पहिल्या आठवड्यातली गोष्ट. हज्जेने, म्हणजे तिथल्या एका आजीने, मला शेजारी गादीवर बसवलं, गालाला हात लावला आणि म्हणाली, "या कल्बी." मी दचकले. मुंबईत एम.ए.च्या वर्गात 'कल्ब' म्हणजे कुत्रा, हे पहिल्याच महिन्यात पाठ झालं होतं. काळजालाही कल्बच म्हणतात, पण त्यातला 'क' पार घशातून काढायचा, आणि तो चुकला तर अर्थाचा अनर्थ होतो म्हणून सरांनी आमच्याकडून शंभरदा घोटून घेतला होता. हज्जेचा 'क' मात्र अगदी साधा, आपल्या कमळातला.

चार दिवसांनी गल्लीत एक कुत्रं भुंकत होतं. हज्जे त्याला हाकलताना म्हणाली, "चल्ब!" तेव्हा उलगडा झाला. तिच्या बोलीत घशातल्या 'क'चा साधा 'क' होतो आणि साध्या 'क'चा 'च'. दोन्ही शब्द आपापल्या जागी वेगळेच राहतात, फक्त दोघेही एकेक घर पुढे सरकलेले. 'कशी आहेस' हे पुस्तकात 'कैफ हालुकि', हज्जेच्या तोंडी 'चेफ हालिच'.

सप्टेंबर २०२३ ते जून २०२४ असे दहा महिने मी जॉर्डनमध्ये होते. सकाळी अम्मानमध्ये भाषेचा वर्ग, मग तबरबूरच्या स्थानकावरून कोस्टर (तिथे लहान बसला कोस्टरच म्हणतात) पकडून बकआला जायचं आणि दुपारी एका छोट्या महिला केंद्रात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलींना इंग्रजी शिकवायचं. बकआ अम्मानच्या उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर आहे. जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांमधली ही सगळ्यात मोठी. १९६७च्या युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझामधून आलेल्या लोकांसाठी ती १९६८ मध्ये उभी राहिली. सुरुवातीला ५,००० तंबू, २६,००० माणसं आणि जागा सगळी मिळून १.४ चौरस किलोमीटर. आज तंबू एकही नाही. सिमेंटची घरं एकमेकांना चिकटून वर वर चढलेली, मधे हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील अशा गल्ल्या. तरी नाव 'मुखय्यम'च. खेमा माहीत आहे ना आपल्याला? तोच. मुखय्यम म्हणजे खेम्यांची जागा.

हज्जेचं नाव लिहीत नाही. गल्लीत सगळे तिला हज्जेच म्हणतात. तिच्या आईवडिलांचं गाव अज्जूर, हेब्रॉनच्या वायव्येला. १९४८च्या युद्धात ते ओस पडलं. आईवडील जेरिकोजवळच्या अकबत जबर छावणीत आले, तिथे हज्जेचा जन्म. १९६७ मध्ये सतरा वर्षांची असताना जॉर्डन नदी ओलांडून इकडे. म्हणजे अज्जूर तिने कधीच पाहिलं नाही. पण तिचा 'क' आणि 'च' अज्जूरचा आहे.

मग मी त्या घरात कान देऊन बसायला लागले. हज्जे काळजाला म्हणते 'कल्ब'. तिचा मुलगा अम्मानमध्ये गॅरेजवर काम करतो, तो म्हणतो 'गल्ब'. जॉर्डनमधल्या पुरुषांत वावरून तो 'ग' त्याच्या जिभेवर बसला. नात कॉलेजला जाते, ती 'क' गिळून नुसतं 'अल्ब' म्हणते, शहरातल्या मुलींसारखं. आणि धाकटा नातू शाळेचं पुस्तक मोठ्याने वाचतो तेव्हा घशातला 'कल्ब', माझ्या सरांसारखा. एका खोलीत, एका शेगडीभोवती, एकाच शब्दाचे चार उच्चार. त्या घराने किती वेळा बिऱ्हाड हलवलं ते मला कुणी सांगायच्या आधी त्या शब्दाने सांगितलं.

हे कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. आणि खरं सांगायचं तर पहिले चार महिने मी तिथे मदत करत नव्हते, मदत घेत होते. मुलींना इंग्रजी शिकवायचं तर त्यांना काय कळलं नाही हे मला कळायला हवं, आणि त्या ते बोलीत एकमेकींच्या कानात सांगायच्या. 'बअरफिश' म्हणजे 'मला माहीत नाही'. पुस्तकात 'ला अअरिफु'. हा 'श' पुस्तकात कुठेच नाही आणि त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात आहे.

ऑक्टोबर उजाडला आणि सगळंच बदललं. ७ तारखेला हमासने इस्रायलवर हल्ला केला, गाझात युद्ध सुरू झालं आणि घराघरांत टीव्ही चोवीस तास. हज्जेची धाकटी बहीण लग्न होऊन गाझातल्या खान युनिसला गेलेली. फोन लागला की घर श्वास घ्यायचं, नाही लागला की कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी शब्द शिकत होते, पण कुठले! 'कस्फ' म्हणजे बॉम्बफेक. 'नाझिहीन' म्हणजे घर सोडून निघालेले लोक. 'हुदना' म्हणजे तात्पुरता युद्धविराम. हा शब्द मला बारा वर्षांच्या मुलीने समजावला. २४ नोव्हेंबरला तो लागू झाला तेव्हा ती वर्गात आली आणि फळ्यावर लिहून गेली.

त्याच्या आधीच्या आठवड्यात हज्जेच्या बहिणीचा मुलगा गेल्याची बातमी आली होती. दु:खाच्या घरी तिथे बिनसाखरेची कडू कॉफी देतात, छोट्या कपात, दोन घोट. आता बघा, एरवी कुणाकडे कॉफी प्यायली की कप परत देताना 'दायमे' म्हणायचं असतं, म्हणजे तुमच्याकडे हे असंच कायम राहो. मला ते नुकतंच जमायला लागलं होतं, अभिमान होता त्याचा. कप खाली ठेवताना 'दा' तोंडातून बाहेर पडला आणि शेजारच्या मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. मी थांबले. त्या हळूच म्हणाल्या, "अल्लाह यिर्हमो, म्हण." देव त्याच्यावर दया करो.

मला त्याच क्षणी कळलं, कुणी समजवायची गरजच पडली नाही. आपण लातूरला मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणतो का? मुकाट्याने चप्पल घालतो. तो प्रसंग पुन्हा येवो असं कोण म्हणेल? कपातलं 'कायम राहो' तसंच.

मी उठून हज्जेजवळ गेले, "यिस्लम रासिक" म्हणाले. तुझं डोकं सलामत राहो, एवढाच त्याचा शब्दश: अर्थ. तिने माझं डोकं स्वत:च्या खांद्यावर ओढलं. त्या दिवसापासून मी तिची 'यम्मा' झाले.

लिहायचं खूप आहे. विचाराल तसं प्रतिसादात लिहीन. पण एक आधीच सांगते, कारण बरेच जण व्यक्तिगत निरोपात 'तीन आठवड्यांसाठी जाता येईल का' असं विचारताहेत. कृपा करून जाऊ नका. मी स्वत: आधी एका मध्यस्थ संस्थेला पैसे भरून असंच तीन आठवड्यांचं काम घेतलं होतं. मुलींसोबत फोटो निघाले, निरोप समारंभ झाला. त्यातल्या एकीने मला विचारलं, "आता कोण येणार?" माझ्याआधी त्या वर्षी पाच जण येऊन गेले होते. भाषा येत नसेल तर आधी भाषा शिकायला जा, आणि शिकायला आलोय असंच सांगा. लोक मनापासून शिकवतात.

~~~

ओसरी

काय लिहिलंय! चार 'काळजं' वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई नगरची, बाबा वेंगुर्ल्याचे, मी ठाण्यात वाढले. आमच्याकडे 'कुठे चाललास' तीन तऱ्हांनी ऐकू येतं. पण ते तीन गावं अजून आहेत आणि दिवाळीत तिथे जाता येतं. हा फरक वाचताना टोचला.

पुढील लेखनाला शुभेच्छा.

~~~

हिशेबनीस

धागा आवडला. अरबीतून फारसीमार्गे मराठीत किती शब्द आले याची यादी माझ्याकडे बरीच आहे. तुम्हाला तिथे राहून त्यांचा उपयोग झाला का? की अर्थ बदलल्यामुळे उलट अडचण झाली?

~~~

रानअबोली

@हिशेबनीस, दोन्ही झालं, आणि अडचणीतून जास्त शिकले.

वर्गात पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "तक्रार!" मला वाटलं कुणीतरी माझ्याविरुद्ध काही सांगितलं. तिथे तक्रार म्हणजे पुन्हा म्हणणं, घोकणं. 'दप्तर' म्हणजे वही. 'फिकर' म्हणजे विचार, त्यात काळजी नाही. एका धातूतून शब्द कसे निघतात हे मात्र मराठीमुळे मला लवकर बसलं. हुकूम, हाकीम, हकीम, हिकमत हे चारही आपल्याकडे आहेत आणि चारही ह-क-म या तीनच अक्षरांतून आलेत, हे कळलं तेव्हा संध्याकाळभर मी घरातले शब्द सोलत बसले. अंमल आणि मामला एकाच झाडाचे. तालुका, जिल्हा, वसूल, हक्क, अर्ज... आमच्या आजोबांचं सगळं कोर्ट-कचेरीचं आयुष्य अरबीतच गेलं म्हणायचं.

छावणीत यूएनआरडब्ल्यूएला, म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला, कुणी त्या लांबलचक नावाने बोलवत नाही. 'वकाला' म्हणतात. वकाला म्हणजे एजन्सी, आपल्या वकिलाचाच धातू. शाळा वकालाची, दवाखाना वकालाचा. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी वकालाचा निधी थांबवला, तिच्या काही कर्मचाऱ्यांवर ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात भाग घेतल्याचा इस्रायलने आरोप केल्यानंतर. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुली विचारत होत्या, शाळा बंद होणार का. त्यांच्या आयांनीही त्याच शाळेत बाराखडी गिरवली होती.

आणि सगळ्यात जवळचा शब्द 'गरीब'. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी माणूस. पैशाचा काही संबंध नाही. आपल्याकडे परका माणूस कधी निर्धन झाला कोण जाणे, पण गाव सोडून आलेल्या माणसाची अवस्था पाहिली तर समजतंही. एकदा बाजारात भाजीवाल्याने हज्जेला विचारलं, ही कोण? ती वांगी निवडता निवडता म्हणाली, "मिश गरीबे." परकी नाही.

~~~

हिशेबनीस

वा! एक भर घालतो. आकडे कसे शिकलात? त्यांच्याकडेही एकक आधी येतो असं वाचलंय.

~~~

रानअबोली

हो! 'खमसे व अिश्रीन', पाच आणि वीस, म्हणजे आपलं पंचवीसच. माझ्या वर्गातली जर्मन मुलगी आणि मी, आम्ही दोघी यात सगळ्यांच्या पुढे होतो. इंग्रजीवाले अडखळायचे. आणि ते लोक स्वत:च्या आकड्यांना 'अरकाम हिंदिय्या', भारतीय आकडे म्हणतात, हे ऐकून छान वाटलं.

मी आकडे वर्गात नाही, भरतकामात शिकले. 'ततरीझ' म्हणजे फुलीच्या टाक्याचं पॅलेस्टिनी भरतकाम, २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. छापील नक्षी नसते. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घ्यायचा. हज्जे डोळे मिटून मोजायची, मी तिच्यामागून. सरूच्या झाडाची नक्षी करताना एका ओळीत एक टाका जास्त झाला. मी म्हटलं, दिसत नाही. तिने न बोलता सुईच्या मागच्या टोकाने सगळी ओळ उसवली, दोरा बोटाला गुंडाळून सरळ केला आणि तोच दोरा परत ओवून माझ्या हातात दिला. दोरा वाया घालवायचा नाही. मग म्हणाली, "मिन अव्वल." पहिल्यापासून.

~~~

उत्तररात्र

लेखन उत्तम आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारते, राग मानू नका. तुम्ही लातूरच्या. मराठवाड्यात वस्त्यांवरच्या शाळांमध्ये, ऊसतोड कामगारांच्या मुलांमध्ये शिकवायला माणसं मिळत नाहीत. मग चार हजार किलोमीटर लांब जाऊन इंग्रजी शिकवायचं कारण काय? दूरचं दु:ख आपल्याला जास्त ओढतं का?

~~~

रानअबोली

@उत्तररात्र, राग कसला. हा प्रश्न आमच्या काकांनी निघायच्या आधी विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी भाषा शिकायला गेले, हे खरं कारण. अरबीत एम.ए. करायचं आणि ती भाषा घरात, चुलीपुढे कशी बोलतात ते कधीच ऐकायचं नाही, हे मला पटत नव्हतं. आता शिकवणं म्हणाल तर दहा महिन्यांत पस्तीस मुलींना मी जे इंग्रजी दिलं ते तिथली कुणीही शिक्षिका माझ्यापेक्षा चांगलं देऊ शकली असती. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, तसंच आहे ते.

पण लातूर मी मागे ठेवून गेले नव्हते. जॉर्डनमध्ये नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवसाला 'दोर-अल-मय्य' म्हणतात, पाण्याची पाळी. गच्चीवर टाक्या, खाली पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून घ्यायचं, कपडे त्याच दिवशी, फरशी त्याच दिवशी. पहिल्या पाळीला मी न विचारता उठले आणि नळी टाकीत लावली, खालची भांडी रांगेत मांडली, धुण्याचं पाणी फरशीला राखून ठेवलं. हज्जे बघत राहिली. "तुला कुणी शिकवलं?" मोडक्या अरबीत तिला २०१६ सांगितलं. मी तेव्हा शाळेत होते, आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं. "रेल्वेने पाणी?" तिने शेजारणींना बोलावून घेतलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. तक्रार! अरबीतलं ते माझं पहिलं मोठं बोलणं, दहा मिनिटांचं, आणि विषय मिरज.

तिथून आल्यापासून मी औशाजवळ एका हंगामी वसतिगृहात शनिवार-रविवार जाते. तिथली मुलं लमाणी बोलतात. पहिले तीन महिने मी फक्त ऐकायचं ठरवलंय.

~~~

उत्तररात्र

शेवटच्या दोन ओळींसाठी धन्यवाद. मी नऊ वर्षं शिकवतेय आणि लमाणीतली पन्नास वाक्यंही मला येत नाहीत. व्यक्तिगत निरोप पाठवते.

~~~

समुद्रकाठ

नमस्कार. मी अश्दोदला राहते, इस्रायलमध्ये. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आजी रेवदंड्याची. घरात आई अजून मराठीच बोलते, म्हणून हे संस्थळ वाचते. लिहिते क्वचितच, चुका पोटात घाला.

हा धागा दोनदा वाचायला घेतला आणि मधेच ठेवला. ७ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाला आमच्याकडे भोंगे वाजले ते दिवसभर. आमच्या इमारतीतला एक मुलगा त्या दिवशी गेला. त्यामुळे हज्जेच्या घरातली कॉफी वाचणं मला सोपं नव्हतं. पण वाचली.

मी शाळेत तीन वर्षं अरबी शिकले. परीक्षेपुरती. कुणाच्या घरात बसून ती कधी ऐकली नाही, आणि रामल्याच्या बाजारात अरब दुकानदारांशी आम्ही हिब्रूतच बोलतो. 'दायमे' हा शब्द मला आज कळला, तोही मराठीतून. एवढंच सांगायचं होतं.

एक विचारू? मावशीला ते काय म्हणतात? आमच्याकडे हिब्रूत आत्या आणि मावशी दोघींना एकच शब्द आहे, आईला ते अजून पटत नाही.

~~~

रानअबोली

@समुद्रकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या इमारतीतल्या त्या मुलाच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगाल?

मावशी म्हणजे 'खाले', आत्या म्हणजे 'अम्मे'. मामा 'खाल', काका 'अम्म'. चारही वेगळे, अगदी आपल्यासारखे. आणि रस्त्यात कुणी वयस्क बाई भेटली तर तिलाही 'खालती', माझी मावशी. आपण जसं भाजीवालीला मावशी म्हणतो, आत्या नाही म्हणत, तसंच. आईंना सांगा.

आणखी एक त्यांना आवडेल असं. तिथे आई मुलाला हाक मारते तीच 'यम्मा' म्हणून, म्हणजे 'आई'. बाप मुलाला 'याबा' म्हणतो. जो शब्द मुलाने आपल्यासाठी वापरायचा, तो आपणच मुलासाठी वापरायचा. मला हज्जे 'यम्मा' म्हणायची ती म्हणून.

~~~

समुद्रकाठ

आईला सांगितलं. ती म्हणाली, रेवदंड्याला तिची आजी मुलींना 'आई' म्हणायची, "ये गं आई, जेवून घे." आम्ही दोघीही गप्प झालो.

~~~

कोकणकडा

मी अरबीचा अगदी नवशिक्या. आधी प्रमाण अरबी शिकावी की थेट बोली? आणि अरबीत 'प' नाही म्हणे, मग तुम्ही पुरणपोळी केलीत तर तिला काय म्हणाले?

~~~

रानअबोली

@कोकणकडा, 'बूरन बोली' म्हणाले :) गुढीपाडव्याला केली होती, त्या वर्षी तो नेमका रमजानच्या शेवटच्या दिवशी आला, म्हणून रोजा सोडताना वाढली. चणाडाळ न मिळाल्याने छोल्यांचं पुरण घातलं, वेलची मात्र मुबलक, कारण त्यांच्या कॉफीत ती असतेच.

शिकण्याचं म्हणाल तर मी प्रमाण अरबी आधी शिकले आणि त्याचा पश्चात्ताप नाही. लिपी, धातू, क्रियापदांची घडण एकदा बसली की बोलीत काय गळलं, काय वळलं ते दिसायला लागतं. पण नुसत्या प्रमाण अरबीवर सहा महिन्यांहून जास्त थांबू नका. 'मला हवंय' हे पुस्तकात 'उरीदु', आणि ते छावणीत बोललं तर बातम्या वाचल्यासारखं वाटतं. तिथे 'बिद्दी'. काय म्हणजे 'शू', का म्हणजे 'लेश', कुठे म्हणजे 'वेन'. या चार शब्दांवर पहिला महिना निभावतो. घशातून काढायचं 'ऐन' हे अक्षर निघत नसेल तर घाबरू नका, माझं पाचव्या महिन्यात निघालं, तेही भांडी घासताना.

खर्च मात्र नीट पाहून जा. एक दिनार तेव्हा साधारण ११७ रुपये होता आणि अम्मान स्वस्त नाही. मी शिकवण्या घेऊन दोन वर्षं साठवले होते.

~~~

ओसरी

हज्जे आता कशा आहेत? बहिणीशी बोलणं होतं का?

~~~

रानअबोली

बहीण आहे. खान युनिसहून तीनदा जागा बदलावी लागली, शेवटचं कळलं तेव्हा तंबूत होती. हज्जे म्हणते, आमचं तंबूतून घर झालं, तिचं घरातून तंबू.

मला ती आवाजी निरोप पाठवते, लिहिता येत नाही म्हणून. आज सकाळीच आला, एकोणीस सेकंदांचा. मागे नळाचा आवाज येतोय, म्हणजे त्यांच्या पाण्याची पाळी होती. "यम्मा, फी मय्य इंदकुम?" तुमच्याकडे पाणी आहे का?

मी सांगितलं, आहे. आठ दिवसांनी येतं, पण आहे.